त्याला नाव ठेवू नका

२५ ऑगस्ट

सिद्धी, आधी माफ कर. तू ही वही दिलीस त्याला बारा दिवस झाले आणि मी पहिलं अक्षर आज लिहितोय. रोज लिही अज्जा, दिवाळीला आले की सगळं वाचीन, असं तू पुण्याच्या बसमध्ये चढताना बजावलं होतंस. पण सातवी शिकलेल्या माणसाला कोऱ्या पानाची भीती वाटते. चूक होईल, खाडाखोड होईल, तू नर्सिंगवाली शहाणी नात हसशील. शिवाय नवी नोकरी, नवी खोली. गॅस बंद केला की नाही ते बघायला मी कामावरून तीनदा परत येतो. बीपीची गोळी घेतली की नाही ते आठवत नाही, म्हणून रिकामी पाकिटं जपून ठेवतो. त्यात लिहायचं राहून गेलं.

पण आता सांगतो, मी मजेत आहे. सात रस्ता चौकापासून चालत दहा मिनिटांवर कॉलेज. मागच्या अंगाला एक लांब खोली, तिच्यात चौदा लोखंडी कपाटं, आणि कपाटांत वाळवून जाड कागदावर चिकटवलेली झाडं. शिपाई लोक तिला पाल्याची खोली म्हणतात. तिला लागूनच मला राहायला जागा दिलीय. आपल्या मैंदर्गीच्या घरापेक्षा वारा बरा येतो. नळाला पाणी चार दिवसांनी, ते सोड.

इथल्या मुख्य भुवनेश्वरी मॅडम. पन्नाशीच्या आहेत, बोलणं भराभर, आपलं कानडीही येतं. त्यांनी माझी मुलाखत कशी घेतली सांगू? दोन लाकडी जाळ्या, मध्ये टिपकागदांची चळत आणि दोन कातडी पट्टे समोर टाकले आणि म्हणाल्या, बांधून दाखवा. चादरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं गाठी बांधलेला माणूस मी. गुडघा टेकवला, दम धरला, पट्टा ओढला. लाकूड करकरलं. मॅडम ओरडल्याच की. अहो चनबसप्पा, झाड वाळवायचंय, पार्सल नाही करायचं! मग हसल्या आणि म्हणाल्या, उद्यापासून या.

काम सोपं आहे. झाड दोन टिपकागदांत ठेवायचं, जाळ्यांमध्ये दाबायचं. रोज कागद बदलायचा, ओला झालेला दोरीवर उन्हात घालायचा, आणि पट्टा एक भोक पुढे आवळायचा. सात-आठ दिवसांत झाड पापडासारखं होतं.

२९ ऑगस्ट

आज डोंगरावर नेलं होतं. पहाटे जीप निघाली. नातेपुत्यात चहा आणि भजी, पुढे महादेवाच्या डोंगररांगेत एका उघड्या माळमाथ्यावर. मला चढवेना. मॅडम पुढे गेल्या आणि मी एका कातळावर टेकलो. छाती धडधडत होती, म्हणून खाली मान घालून बसलो आणि पायाशीच ते दिसलं.

दोन पानं, विड्याच्या अर्ध्या पानाएवढी, जमिनीला चिकटलेली. मधून बोटभर दांडी. तिच्यावर एकच फूल, पातळ ताकाच्या रंगाचं. पाच पाकळ्या, पाचही सारख्या. वास काही नाही. मी हाक मारली. मॅडम आल्या, बघितलं आणि चिखलात पालथ्या पडल्या. भिंग लावून किती वेळ बघत होत्या. उठल्या तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. म्हणाल्या, हे कुठल्याच पुस्तकात नाही. सगळ्या जगात बहुतेक या एका माथ्यावरच असेल. आम्ही मोजली तर सतरा झाडं होती. एक कंदासकट उचललं, बाकीची राखली.

तिथं एक म्हातारी शेळ्या घेऊन होती, सोजरबाई नावाची. शेळ्यांना त्या जागेला वळसा घालून नेत होती. मॅडमनी विचारलं, मावशी, तुम्ही याला काय म्हणता? ती म्हणाली, काय म्हणत न्हाय. त्येला नाव ठिवू नगा. मॅडम म्हणाल्या, अहो, नाव कशाला ठेवू, किती देखणं आहे! मीही हसलो. आपल्या कानडीतही तसंच, हेसर ठेवणं म्हणजे खोड काढणं. म्हातारीला वाटलं आम्ही फुलाची निंदा करतोय, असं आम्ही धरून चाललो. सोजरबाई काही हसली नाही. आमच्याकडे बघत राहिली, मग शेळ्यांना हाकललं.

२ सप्टेंबर

सिद्धी, आजची गोष्ट तुला फोनवर सांगणार नाही. दिवाळीला इथं वाचून उडी मार.

नवं झाड सापडलं की शास्त्रात त्याचं वर्णन लिहितात आणि नाव देतात. मॅडम म्हणाल्या, पहिल्यांदा तुम्ही बघितलंत, नाव तुम्ही सांगा. मला काही सुचेना. मग तुझंच तोंडात आलं. त्यांनी त्याला पुढे त्या परक्या भाषेतली शेपटी लावली, पण मध्ये अख्खी तू आहेस. सिद्धेश्वरी. चिठ्ठीवर मी माझ्या हातानं लिहिलं, एकही चूक नाही.

मॅडम गमतीनं म्हणाल्या, नाव ठेवलंत, मग बारसं नको का? मी जाळ्यांचा दाब उघडला, फुलावर वाकलो, आत्या करते तसं कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं. सगळ्यांना पेढे वाटले. शिपाई म्हणाला, अज्जा, घुगऱ्या कुठायत?

मॅडमनी एक समजावलं. ज्या एका नमुन्यावरून वर्णन लिहायचं, त्याच नमुन्याला ते नाव बांधलेलं असतं. कपाटात दोनशे, तीनशे वर्षं टिकतो. मी म्हटलं, म्हणजे माझी नात तीनशे वर्षं राहणार. त्या म्हणाल्या, राहणारच!

आजपर्यंत कुणासाठी एवढं काही केलं नव्हतं गं मी.

११ सप्टेंबर

झाड वाळत नाही.

दाबून तेरा दिवस झाले. रोज कागद ओलाचिंब निघतो. एवढंसं झाड, एवढं पाणी येतं कुठून? मॅडम म्हणतात, कंदाची झाडं दाबातही बरेच दिवस जिवंत राहतात, काळजी करू नका, आवळा अजून. मी आवळतो. पण मला घोर लागतो. कागद बदलायला काढला की तो कोमट असतो. खोलीत गारवा आणि कागद कोमट.

संध्याकाळी तुझा फोन आला. वॉर्डात काम करताना छाती आवळल्यासारखी होते म्हणालीस. हसत हसत म्हणालीस, अज्जा, कुणीतरी माझी गाठ बांधतंय बघ, तूच की काय? मीही हसलो. जेवण वेळेवर घे म्हटलं. मग झोप लागली नाही.

१८ सप्टेंबर

आज मॅडम चिडल्या होत्या, स्वतःवरच. छापायला पाठवण्याआधी वर्णन एकदा नमुन्याशी ताडून बघत होत्या. त्या सांगत होत्या, मी पट्टी धरली होती. पाच सारख्या पाकळ्या असं त्यांनी डोंगरावर लिहून घेतलं होतं. आता एक पाकळी आखूड आहे आणि टोकाशी आत वळलेली. दांडीवर बारीक लव आहे, ती आधी नव्हती. आणि वरच्या पाकळीच्या बुडाशी एक काळा ठिपका. म्हणाल्या, मी इतकी आंधळी कशी? वीस वर्षांत अशी चूक झाली नाही. मग खाडाखोड करून नवं लिहिलं.

मी पट्टी बाकावर ठेवली.

तू सहा वर्षांची असताना नागपंचमीला झोक्यावरून पडलीस. उजवी करंगळी मोडली. ती आत वळलेलीच राहिली. आणि तुझ्या गळ्याखालचा तीळ.

योगायोग असेल. म्हाताऱ्याच्या डोक्यात काहीही येतं.

२६ सप्टेंबर

दोरीवरचे कागद वाळल्यावर त्यांच्यावर डाग राहतात. फुलाचे असतील म्हणून बघत नव्हतो. आज ऊन मागून आलं आणि दिसलं.

तळहात आहे. लहान, बाईमाणसाचा. कागदाला आतून टेकवल्यासारखा. करंगळी वळलेली.

कागद नाकाशी नेला. तू लावतेस त्या तेलाचा वास.

सिद्धी, हे पान वाचू नकोस. पुढचीही नको.

३० सप्टेंबर

खात्री करायची ठरवलं. बरोबर अकरा वाजता दोन्ही पट्टे सोडले. मग तुला फोन लावला, कशी आहेस म्हणून. तू म्हणालीस, अज्जा, आत्ता मेसच्या रांगेत उभी होते आणि एकदम मोठा श्वास आला, महिन्यात पहिल्यांदा. आनंदानं बोलत होतीस. मी बाकावर बसून रडलो.

दुपारी मॅडम आल्या. पट्टे सुटलेले बघून रागावल्या. चनबसप्पा, हा एकच नमुना आहे माझ्याकडे, कुजला तर मी काय दाखवू? त्यांनी स्वतः आवळला. मी हात धरला नाही. धरायला हवा होता. घड्याळात एक वीस.

सात वाजता श्रीदेवीचा फोन आला. माझी सून रडताना बोलत नाही, नुसती श्वास घेते. मग म्हणाली, अप्पा, पोरगी जिन्यात पडली. मैत्रिणींनी दवाखान्यात नेली. मी निघाले पुण्याला.

किती वाजता पडली, विचारलं. म्हणाली, सव्वा वाजून गेला होता.

४ ऑक्टोबर

मॅडमच्या पाया पडलो. नाव बदला म्हटलं. कारण सांगितलं नाही, कोण ऐकेल? त्या दुखावल्या. म्हणाल्या, नातीचं नाव दिलं तर लोक मिरवतात. आणि लेख गेला, आता बदलता येत नाही.

मॅडम वाईट नाहीत. त्यांना काही माहीत नाही. मला तरी काय माहीत होतं?

त्या बाहेर गेल्या की पट्टे सैल करतो. पण दोन दिवस सैल राहिले तर पाकळीवर राखाडी बुरशी धरते. काल धरली. काल श्रीदेवी म्हणाली, ओठांवर राखेसारखं काहीतरी आलंय, डॉक्टर पुसतात, परत येतं. आवळला तर गुदमरते. सोडला तर कुजते.

मी परत आवळला. माझ्या हातानं.

८ ऑक्टोबर

नातेपुत्याला जाऊन आलो. दोन एसटी बदलल्या, पुढे चालत. सोजरबाई घरापुढं शेंगा फोडत बसली होती. मला बघून म्हणाली, ठिवलंच की नाव. मी खाली बसलो. तिनं तांब्याभर पाणी दिलं आणि सगळं सांगितलं.

तिची धाकटी बहीण, बजाबाई. लहानपणी दोघी शेळ्यांमागं जायच्या. एकदा खेळताखेळता बजीनं त्या फुलाचं बारसं केलं. दुसरं नाव सुचेना म्हणून आपलंच ठेवलं. सोजरबाई म्हणाली, बिननावाचं असलं की ते नुसतं गवात हाय बगा. नाव ऐकलं की ते त्या माणसाचं व्हतं, का माणूस त्येचं व्हतं, द्येवाला ठावं. फूल आठ दीस टिकलं. बजी बी आठ दीस. नवव्या दिवशी ते सुकलं, आन् ती बी. लई तरास न्हाय झाला तिला. वाऱ्यानं झालं, वाऱ्यानं गेलं.

मी विचारलं, उपटून दाबून ठेवलं असेल तर? परत मातीत लावलं तर?

ती म्हणाली, उपाटल्यालं न्हाई लागत. मग हात थांबला तिचा. म्हणाली, दाबून? किती दीस?

मला तीनशे वर्षं तोंडातून निघेना.

फूल सुकायला हवं तेव्हा सुकत नाही. सुकलं तर तू जातेस. नाही सुकलं तर तू अशीच. दोन जाळ्यांच्या मध्ये.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. तू आली नाहीस. कशी येणार?

वजन तेहतीस किलो. श्रीदेवी म्हणते, अंग कृश नाही झालं, सपाट झालंय. फोटो काढला छातीचा, डॉक्टरांनी मशीन बिघडलंय म्हणून परत काढला. तसाच आला.

फोन तुझ्या कानाला लावला तिनं. तू अज्जा म्हणालीस. कागद सरकल्यासारखा आवाज.

मी तुला काही सांगितलं नाही. तूच म्हणालीस, वही लिहितोस की नाही रे?

व्हय म्हटलं.

२ नोव्हेंबर

आजच्या कागदावर गाल आहे. डोळा आहे, मिटलेला.

घडी घालून खिशात ठेवला. दोरीवर नाही घातला. उन्हात कसा घालू?

६ नोव्हेंबर

छापून आलं.

मॅडमनी कॉम्प्युटरवर दाखवलं. तुझं नाव, तिरक्या अक्षरात. खाली फोटो. सगळे टाळ्या वाजवत होते. मला खुर्ची दिली.

आता तरी काढता येईल का, विचारलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं, मग शांतपणे सांगितलं. लहान मुलाला सांगतात तसं. एकदा छापलं की नाव मागं घेता येत नाही. देणाऱ्यालाही नाही. चुकीचं असलं तरी नाही. फक्त एकच होऊ शकतं. त्याच झाडाला याच्याआधी कुणी नाव ठेवलेलं निघालं, तर जुनं खरं धरतात. नवं गळून पडतं.

पण तसं काही नाही, म्हणाल्या. मी सगळी पुस्तकं शोधलीत. घाबरू नका, तुमच्या नातीचं नाव आता कुणी हलवू शकत नाही.

७ नोव्हेंबर, सकाळ

रात्रभर हेच. जुनं नाव. तुझं २ सप्टेंबरचं. मी ते बघितलं २९ ऑगस्टला. मध्ये चार दिवस मोकळे आहेत.

मॅडमच्या नियमात छापलेलंच चालत असेल. पण बजीनं तिच्या फुलाला ठेवलेलं कुठं छापलं होतं? फुलाला छपाई कळत नाही. ऐकू येतं.

त्या दिवशी मी त्याला काही नाव दिलं नव्हतं. खोटं बोलायचं म्हणजे. आयुष्यात गाठीत एक चादर कमी भरली नाही मी. पण बोलेन.

श्रीदेवीला फोन लावला. उचलत नाही. तीनदा लावला.

दुपार, साडेबारा

मॅडम मिटिंगला गेल्या. चिठ्ठी लिहिली. चनबसप्पा. तारीख २९ ऑगस्ट. अक्षर हललं, दुसरी लिहिली.

दाब उघडला. ते अजून ताजं आहे. काळा तीळ. वळलेली पाकळी. मी वाकलो. कुर्रर्र केलं. म्हटलं, तुझं जुनं नाव चनबसप्पा. मी आधी ठेवलं होतं. विसरलो होतो सांगायला. मराठीत म्हटलं, कानडीत म्हटलं. तीनदा.

चिठ्ठी खाली सरकवली. तुझी काढून घेतली. आता कळणार कसं?

आवळूनच कळेल. लागलं तर मला लागेल. नाही लागलं तर तुला. देवा सिद्धेश्वरा, चुकलो असलो तर

एक भोक. काही नाही.

दोन. काही नाही. हात थांबतो. तुझा चेहरा येतो समोर.

तीन.

बरगडीला. डावीकडे. लागलं.

सिद्धी, लागलं! मला लागलं!

एक वाजला

बाकावर बसून लिहितो. दम छोटा झालाय. मजा बघ, गाठ मीच बांधली आणि मीच आत. चांगली बांधलीय. सैल नाही करणार. सैल केली आणि ते परत तुझ्याकडे

अंगाला घाम. खारट नाही, नुसतं पाणी. सदरा भिजला. तिकडे कागदही भिजला असेल.

उठून बघितलं. कागदावर रुंद अंगठा. माझा. पट्टा ओढून घट्टे पडलेला. पण त्याच्या शेजारी अजून एक पुसट आहे, लहान. जुना असेल. कालचाच कागद असेल. मी सकाळी बदलला होता का? बदलला होता ना?

श्रीदेवी उचलत नाही.

दोघांना एकदम धरत नसेल ना? जुनं आलं की नवं गळतं. मॅडम म्हणाल्या. गळतंच.

दीड

बोटं कागदाला चिकटतात. लिहिताना सपाट

सिद्धी, मोठा श्वास आला का गं? सांग. साडेबाराच्या पुढं. मेसच्या रांगेसारखा. एकदा सांग. फोन नको, ऐकू कमी येतंय. चिठ्ठी पाठव. एक ओळ. आला, एवढंच लिही. चूक झाली तरी चालेल, मी हसणार नाही. पण लौकर. मॅडम येतील, अजून एक भोक आवळतील, त्याच्या आधी. आला की नाही एवढं कळव, मग खुशाल मला

लौकर कळव बाळ, पावलं वाजतायत, दार